फ्रेंच घरातला पाहुणचार : तुम्ही विचारलेत म्हणून

ल्यों शहरात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी खोली घेऊन राहत होते हे कळले, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : फ्रेंच माणसे फार शिष्ट असतात म्हणे, मग त्या घरात तुम्हाला परके वाटले नाही का? नाही वाटले. आपण पाहुणचार ज्या खुणांवरून ओळखतो त्या खुणा तिथे दिसत नाहीत एवढेच, आणि नवा माणूस त्यालाच शिष्टपणा म्हणून मोकळा होतो.

आपल्याकडे आग्रहावाचून पाहुणचार पुरा होत नाही. आधी ‘नको’ म्हणणे ही पाहुण्याची रीत आणि ते कानाआड करणे ही यजमानाची. त्या घरी भांडे टेबलावरून एकदा, फार तर दोनदा फिरे आणि ‘नको’ म्हटले की विषय संपे; ‘अगं, अर्धी तरी घे’ म्हणणारे कोणी नव्हते. जे स्वतः वाढून घेतले ते टाकणे मात्र त्यांना खपत नसे. या एका मुद्द्यावर माझ्या आजीचे आणि त्यांचे उत्तम जमले असते.

आग्रह नसला तरी वेळ सढळ हाताने दिला जाई. रविवारी दुपारी पाहुणे असले, की प्रथम पेय आणि त्यासोबत ऑलिव्ह किंवा खारे दाणे, मग सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, सॅलड, चीज आणि अखेरीस गोड, अशा क्रमाने तीन तास सहज जात. आपण ताटाची डावी-उजवी बाजू एकदमच भरतो. तिथे एक संपल्याशिवाय दुसरे येत नाही. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच जेवणाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेही एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर अशा क्रमाने सर्वांनी मिळून जेवायला बसण्याच्या प्रथेसाठी. या प्रथेचे बारकावे पुष्कळ आहेत. पाव बशीत न ठेवता थेट टेबलक्लॉथवर ठेवायचा, आणि उलटा तर कधीच ठेवायचा नाही, कारण तो अपशकुन. ब्री चीजच्या त्रिकोणी तुकड्याचे टोक कापून घेणे असभ्य, कारण सर्वांत चवदार मानलेला भाग एकट्याने पळवल्यासारखे होते.

जेवताना वाद झाला नाही, तर बाईंना ते जेवण अळणी वाटत असावे. निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणाऱ्या २०२३ च्या कायद्यावरून त्यांचे आणि त्यांच्या भावाचे असे काही जुंपे, की आता हा माणूस पुन्हा या घरी येणार नाही अशी माझी खात्री होई. तेवढ्यात तोच चीजची फळी बहिणीपुढे सरकवी. सरकार, धर्म, संप यांवर कोणीही काहीही बोलावे; पगार किती आणि घर केवढ्याला घेतले हे मात्र विचारू नये. आपल्याकडे रेल्वेत समोर बसलेला अनोळखी गृहस्थ पहिल्या अर्ध्या तासात नेमके तेवढेच विचारतो.

घरातले बाकीचे नियम काटकसरीचे होते. रात्रीच्या स्वस्त विजेवर टाकीतले पाणी तापे, ते दिवसभर पुरवायचे असे. त्यामुळे केस धुण्याचा बेत आदल्या दिवशी सांगणे बरे.

तुमच्यापैकी कोणाला तिकडे जेवायचे आमंत्रण आलेच, तर दिलेल्या वेळेआधी पोहोचू नका. दहा-पंधरा मिनिटे उशीर हाच तिथला शिष्टाचार आहे. सोबत फुले न्यायला हरकत नाही, पण शेवंती नको. आपण देवाला वाहतो आणि वेणीत गुंफतो ती शेवंती तिथे १ नोव्हेंबरच्या सुमारास दुकानांबाहेर कुंड्यांतून ढिगाने मांडलेली असते, आणि लोक ती आपल्या माणसांच्या थडग्यांवर ठेवायला नेतात.