कडेला उभी असलेली माणसं

दुपारी जरा आडवं व्हावं म्हणून फोन घेऊन पडले आणि जुने फोटो बघता बघता एका फोटोतला समुद्र डावीकडे सांडताना दिसला. आता एकदा दिसलं की संपलं. मला तिरकं काही बघवतच नाही, दुसऱ्यांच्या घरी भिंतीवरची फ्रेम वाकडी असली तरी गप्पा राहतात बाजूला आणि मी उठून ती सरळ करून येते, घरच्यांना याची आता लाजही वाटेनाशी झालीये. तर उठले, लॅपटॉप उघडला.

क्षितिज सरळ करायला वेळ लागत नाही, पण फोटो फिरवला की त्याचे कोपरे चौकटीबाहेर जातात आणि कडेचं थोडं थोडं कापावंच लागतं. त्यात कडेला उभ्या असलेल्या मावशीचं पाऊल गेलं. समुद्र सरळ हवा की मावशी अख्खी हवी? (समुद्र. मावशीला सांगू नका.)

लहानपणी आमच्याकडे क्रॉपचं खातं आजोबांकडे होतं. फोटो फ्रेममध्ये बसत नसला की फ्रेम बदलायची नाही, फोटो कापायचा. मोठी कात्री, स्टीलची पट्टी, पेन्सिलची बारीक रेघ, आणि आम्ही पोरं श्वास रोखून बाजूला, कारण टेबल हललं तर आमचीच खैर नसायची. त्यांनी बसवलेल्या एका ग्रुप फोटोत उजव्या कडेला नुसतं एक कोपर आहे, चेक्सच्या शर्टातलं. कोणाचं ते कोणालाच आठवत नाही. आत्या म्हणते मोठ्या काकांचं, पण मोठे काका तर त्याच फोटोत मधोमध बसलेत! निगेटिव्ह कुठे गेली देव जाणे. आता बरंय, बरीचशी ॲप्स मूळ फोटोला हात न लावता केलेल्या बदलांची फक्त नोंद ठेवतात, रीसेट केलं की कोपराचा मालक हजर.

सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करत सुटायचा काळ सगळ्यांचाच येतो, गवत पोपटी आणि माणसं केशरी, त्यावर बोलायला नको. मला उशिरा आवडला तो हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती उजळ-अंधारे ठिपके किती आहेत ते दाखवणारा आलेख. डावीकडे ० म्हणजे ठार काळं, उजवीकडे २५५ म्हणजे पांढरंफेक आणि मधे डोंगर. डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला की त्या ढगांत काही उरलेलंच नसतं, हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, कितीही खाली ओढा, पांढऱ्याचं राखाडी होतं, ढग काही येत नाहीत. अंधारातून मात्र बरंच काही वर काढता येतं, फोटोवर उमटणाऱ्या रवाळ दाण्यांसकट. म्हणून हल्ली मी फोटो काढतानाच आभाळावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली घेते, माणसं काळवंडतात, त्यांना नंतर शॅडोज वाढवून उजेडात आणायचं.

आभाळाचं हे दुखणं जुनंच. १८५०च्या दशकात गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या निगेटिव्हवर निळ्या उजेडाचा परिणाम फार लवकर व्हायचा, त्यामुळे समुद्र नीट येईपर्यंत आभाळ कोरं होऊन जायचं. मग हा गडी काही फोटोंत समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा दोन्ही एकाच कागदावर छापायचा, जोड क्षितिजावर. फोटोशॉप यायला १९९० उजाडलं. त्यामुळे "खरा आहे की एडिट केलाय?" असं कोणी तोंड वाकडं करून विचारलं की मी ल ग्रेची गोष्ट सुरू करते. लोक विषय बदलतात.

हीलिंग ब्रश मात्र मी जपून वापरते. धुळीचे ठिपके, कपाळावरची पुटकुळी, एवढं पुसायचं. तीळ राहू द्यायचा, तो माणसाचा आहे. आणि मागे आलेले अनोळखी लोक? बोटाने गोल काढला की गायब, मागची भिंतसुद्धा आपोआप भरून येते, इतकं सोपं झालंय की मला जरा भीतीच वाटते. १९३७च्या एका फोटोत कालव्याकाठी स्टालिनच्या शेजारी येझोव आहे, त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९४०मध्ये त्याला गोळी घातली आणि नंतर फोटोतूनही काढला, तो होता तिथे पाणी रंगवलं. ते पाणी रंगवायला कोणालातरी तासन्‌तास बसावं लागलं असणार.

मागच्या माणसांना मी राहू देते. अगदीच कोणी नाकात बोट घालून उभं असेल तर बघू.