तुम्ही विचारलंत म्हणून: द्राक्षं युरोपात जातात, मग पैसा कुठं जातो?

ऑफिसात मी निफाड तालुक्यातला म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो. "तुमच्याकडची द्राक्षं परदेशात जातात ना, मग अख्खा नाशिक जिल्हा मालामाल असेल!" मी चहा पीत "हो हो" करून सोडून देतो, पण परवा एकाने नीटच विचारलं, एक्सपोर्टने एखादा भाग खरंच पुढं जातो का, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

पुढं जातो. पण अख्खा जिल्हा नाही जात, आणि जो जातो तो डॉलर आले म्हणून नाही.

आमच्या जवळच्या पॅकहाऊसला फेब्रुवारीत सकाळी जाऊन बघा. टेबलाशी बायका उभ्या असतात, डोक्याला टोपी, हातात बारकी कात्री, घड फक्त देठाला धरायचा कारण मण्यावरची ती पांढुरकी पावडर पुसली गेली की माल शिळा दिसतो. भोकं पाडलेल्या पट्टीतून मणी घालून बघतात, 18 मिमीच्या भोकातून सुटकन निघून गेला की घड बाजूला. मग पनेट म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, पेटी, वर सल्फरचा कागद, प्री-कूलिंग, कोल्ड स्टोरेज, आणि शेवटी रिफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे. आता या सगळ्यात किती जणांचं पोट आहे ते मोजा. पेटी बनवणारा, कोल्ड स्टोरेजचा मेकॅनिक, माती, पाणी, पानांचे देठ तपासणारी लॅब, ट्रॅक्टरला लावायचा फवारणीचा ब्लोअर बनवणारं वर्कशॉप, सल्ला देत बागांमधून फिरणारी अॅग्री शिकलेली पोरं. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या दोन्ही बाजूला जे उभं राहिलंय ते यातूनच राहिलंय, आणि दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी द्राक्ष एक्सपोर्टमध्ये एवढी मोठी झाली तीही हेच सगळं काम इथंच थांबवून धरलं म्हणून.

आता आमच्याच निफाड तालुक्यातलं लासलगाव. कांद्याची नावाजलेली बाजारपेठ, माल बांगलादेश, मलेशिया, दुबई कुठं कुठं जातो. पण कांद्याचं काम काय, कांदाचाळीतून काढा, निवडा, गोणी भरा, ट्रक रवाना. कांद्यामागे गावात राहतं ते हमाल, मापाडी आणि व्यापाऱ्याचं शेड. बरं जे काही आहे तेही दिल्लीच्या एका कागदावर. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, ती उठली 4 मे 2024 ला, शुल्क मात्र होतंच, आणि ते पूर्ण गेलं एप्रिल 2025 मध्ये. शहरात कांदा स्वस्त राहावा हे मलाही कळतं, मी पण पुण्यात विकतच घेतो, पण ज्या भागाचं सगळं एका गोणीवर चालतं तिथं असा कागद निघाला की किराणावाल्यापासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत सगळीकडे शुकशुकाट होतो, माझ्या मामांच्या घरी त्या वर्षी ठरलेलं लग्न पुढं ढकललं.

द्राक्षाचंही सगळं गोडच आहे असं नाही. 2010 मध्ये युरोपने सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायच्या औषधाचा, अंश सापडला म्हणून माल अडवला, आमच्याकडे ते औषध सर्रास वापरात होतं आणि तपासायच्या यादीतच नव्हतं. कितीतरी बागायतदार त्या एका सीझनमध्ये झोपले. आमच्या घरी त्या वर्षी एक व्यापारी पैसे न देता गेला तो आजतागायत. पण एक झालं, त्यानंतर तपासणी कडक झाली आणि पोरं फवारणीचा हिशोब वहीत लिहायला शिकली. गोणी भरून हे शिकायला मिळत नाही.

आणि मग पेठ, सुरगाणा, हरसूल. हाही नाशिक जिल्हाच. भात काढून झाला की तिथली माणसं पिकअपमधून आमच्याकडे येतात, टोळीने, विरळणी-डिपिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं आणि घड औषधात बुडवणं, उक्त्यानं घेतात, बागेच्या कडेला ताडपत्रीखाली राहतात. शंभर किलोमीटरच्या आत युरोपला चाललेला माल आहे आणि त्यांच्या गावाकडे परत जाते ती फक्त मजुरी. मजुरी वाढलीय हे खरं, कमी अजिबात नाही, घरं पक्की झाली त्यातून. पण पॅकहाऊस, लॅब, वर्कशॉप यातलं काही घाट ओलांडून तिकडे गेलं नाही, तिथं ना तसलं पाणी ना कंटेनर जाईल असा रस्ता.

देशाचं चित्रही मला असंच दिसतं. 2017-18 च्या आर्थिक पाहणीत होतं की महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, तमिळनाडू आणि तेलंगणा या पाचच राज्यांतून देशाची 70 टक्के निर्यात होते. ज्याच्याकडे आधीच बंदर, रस्ता, कारखाना आहे तिथंच नवीन ऑर्डर येते, बाकीचे माणसं पाठवतात. नागपूरच्या संत्र्याचं बघा ना, मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे बागा तोडायची वेळ आली, कारण विदर्भात संत्र्यावर पुढचं काम करणारं फारसं काही उभंच राहिलं नव्हतं.

माझा भाऊ अजून बाग बघतो. त्याला हे सगळं ऐकवलं तर म्हणतो, "तू पुण्यात बसून बोल, इथं मला ऑक्टोबर छाटणीत पाऊस झाला त्याचं सांग." त्याचंही बरोबर आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तांबड्या समुद्रातल्या गडबडीने जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला, भाडं वाढलं, आणि ते सगळं शेवटी त्याच्याच किलोच्या भावातून कापलं गेलं.

बाकी "आमच्यासाठी एक्सपोर्टची पेटी आण" हा दुसरा ठरलेला प्रश्न. यंदा पावसाने मण्याचा साईज बसलेला नाही, अर्धा माल लोकललाच जाणार असं भाऊ म्हणतोय, त्यामुळे तुमच्या पेटीची सोय झाली समजा.