हयातीचा दाखला

आज आईला घेऊन बँकेत गेले होते. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. गेली 11 वर्षं या कामाला बाबांसोबत जायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि रांगेत कोणी ओळखीचं दिसलं की हात वर करून "यंदाही हजर!"

या वेळी दाखला आईचा. फॅमिली पेन्शनचा. फॉर्मवर मयत पेन्शनरचं नाव लिहायचा रकाना होता. आई कधी बाबांचं नाव घेत नाही, परक्यांपुढेही 'हे'च. आज तिने ते पूर्ण लिहिलं, आजोबांच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर. मी शेजारी बसून नुसती बघत राहिले. पेन बाबांचंच होतं. तिने ते पर्समध्ये कधी टाकलं, मला कळलंही नाही.

मार्चपासून लोक विचारतात, सावरलात का? काय सांगू. डबे होतात, ऑफिस होतं, रात्री झोपही लागते. आणि मग असा एखादा रकाना समोर येतो.

परतताना आई म्हणाली, "कोपऱ्यावर थांबूया गं. हे इथेच चहा घ्यायचे ना?"

दोघींनी घेतला. तिने बिनसाखरेचा मागितला, त्यांच्यासारखा.