मशाल कवा पेटवली होती बे?

मे महिन्याची दुपार, बाहेर झळा, ओसरीवर फासे टाकत बसलेली पोरं, आणि मधेच कोणीतरी विचारतं, "मशाल कवा पेटवली होती बे?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. खेळातल्या भुयारात सात दारं उघडून झाली, दोन लढाया झाल्या, एक भिंत ठोकून पाहिली, आणि मशाल आहे तशीच जळते आहे. मग ती विकत तरी कशाला घ्यायला लावता?

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे फासे टाकत, तोंडी गोष्ट रंगवत खेळायचा साहसाचा खेळ. त्याच्या १९८१च्या बेसिक नियमांत वेळेचा हा हिशेब फार सुरेख होता. भुयारात एक टर्न १० मिनिटांचा. मशाल ६ टर्न, कंदिलात एकदा तेल भरलं की २४ टर्न. १० बाय १० फुटांची जागा नीट धुंडाळली की एक टर्न गेला. पाच टर्न फिरलात की सहावा बसून काढायचा, नाही बसलात तर वार करतानाच्या फाशातून एक वजा. दर दोन टर्नला डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, सहा बाजूंचा फासा टाकणार. एक पडला की अंधारातून कोणीतरी आलंच.

वहीत सहा चौकटींची ओळ आखली की काम भागतं. प्रत्येक टर्नला एक फुली. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या चौकटीला आधीच गोल करून ठेवायचा, म्हणजे फासा विसरत नाही. सहावी चौकट विसाव्याची, ती भरली की नवी मशाल. ही ओळ डंजन मास्टरच्या पडद्याआड ठेवली तर मात्र सगळं वाया. पेन्सिल द्यावी ती मशाल धरणाऱ्याच्या हातात. पाचवी फुली मारताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. लढाईचे राऊंड, म्हणजे वारांच्या फेऱ्या, तिथे १० सेकंदांचे, त्यामुळे पाच राऊंडांची मारामारी मिनिटभरही चालत नाही. तरी फुली पूर्ण मारायची. जखमा बांधायच्या, बाण वेचायचे, दम खायचा, त्याला वेळ लागतोच.

नव्या पोरांची एक तक्रार ठरलेली: बिनओझ्याचा माणूस टर्नला फक्त १२० फूट? साडेछत्तीस मीटर? कापसानं भरलेली बंडीही याच्यापुढे निघून जाईल. जाईल ना, पण बंडीवाल्याला नकाशा काढायचा नसतो, दाराला कान लावायचा नसतो, की फरशी काठीनं चाचपायची नसते. धातूचं चिलखत घातलं तर ६० फूटच.

याच खेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत राऊंड ६ सेकंदांचा, १० राऊंडांचं मिनिट. लढाईपुरतं झकास. घोळ होतो तो लढाई संपल्यावर. 'डिटेक्ट मॅजिक' हा जादू हुडकायचा मंत्र विधी म्हणून केला की दिवसाच्या ठरलेल्या मंत्रांतला एकही खर्च होत नाही, म्हणून खेळणारे त्याला फुकट समजतात. त्यात १० मिनिटं जास्तीची गेली, ती कोण मोजणार? छोटा विसावा एक तासाचा, म्हणजे अख्खी मशाल. आणि सकाळी आठला उठून नऊपर्यंत सगळे मंत्र उधळले की पुन्हा झोपू म्हणणारे तर गावोगावी आहेत. त्या नियमांत मोठा विसावा, म्हणजे रात्रभराची झोप, २४ तासांत एकदाच. बसा आता दिवसभर भुयारात, फासे टाकतो.

भुयाराबाहेर चौकटी सोडून दिवस मोजावेत. साध्या चालीनं ८ तासांत २४ मैल. पावसात काळ्या मातीला अवघड जमीन धरलं तर १२. हवामानासाठी परदेशी तक्ते कशाला शोधायचे? पंचांगात नक्षत्रांची वाहनं आहेतच. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती, अशी नऊ. दहा बाजूंचा फासा टाका, दहा आला तर पुन्हा टाका. बेडूक, म्हैस, हत्ती आले की धो धो; कोल्हा, मेंढा आले की आभाळाकडे बघत बसा. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतं, तेवढ्यात एक मोहीम बसते.

खेळ बंद असताना काय, हा प्रश्न आपल्याकडे मोठाच. मृग लागला की अर्धी मंडळी पेरणीला, मग डवरणी, निंदण. बैठक महिना-महिना होत नाही. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्सनं डंजन मास्टरसाठीच्या १९७९च्या मार्गदर्शकात यावर सरळ तोड दिली होती: बैठकांच्या मधे खरा एक दिवस म्हणजे खेळातलाही एक दिवस. त्याच नियमांत जखम रोज एका गुणानं भरते आणि सलग चार आठवडे विसावा मिळाला की माणूस ठणठणीत. म्हणजे तिकडे वावरात कपाशी वर येते, इकडे मरता मरता वाचलेला योद्धा उठून बसतो. यापेक्षा सोयीचा नियम नंतर कोणी केलेला नाही.

२०२३च्या शॅडोडार्क या त्याच धाटणीच्या खेळानं तर फुल्याच काढून टाकल्या. मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते. मोबाईलवर गजर लावा आणि खेळा. पोरं घाईघाईनं बोलतात, वाद मिटतात, मजा येते. भांडण एकाच गोष्टीवरून होतं: आतून चहा आला की घड्याळ थांबवायचं का?

नाही थांबवायचं. चहा पीत पीत खेळा.