पायताणापासून इनसोलपर्यंत : आमची वाटचाल

आमचे वडील, म्हणजे दादा, कोल्हापुरात पायताणं करायचे. घरात रापी, आरी आणि कातड्याचा वास. मी या धंद्यात आलो, पण वळण मिळालं एका हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. साखरेच्या पेशंटच्या तळपायाला जखम होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं : एमसीआर चप्पल, 15 शोअर. दादांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि माझ्याकडं दिली.

एमसीआर म्हणजे बारीक हवेच्या कप्प्यांचं मऊ रबर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी पादत्राणांवर जे काम केलं, त्यातून आपल्याकडं हे रबर रुळलं. 15 शोअर हा त्याच्या मऊपणाचा आकडा. शीट मागवली, चप्पल करून दिली. मग त्याच डॉक्टरांकडून दुसरा पेशंट आला, तिसरा आला, आणि बघता बघता दुकानाचा अर्धा भाग याच कामाला गेला. पुढं पुतण्यानं मुंबईत हाजी अलीच्या संस्थेतून बीपीओ केलं, म्हणजे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, कृत्रिम हातपाय आणि आधाराची साधनं बनवण्याची पदवी. भावकीत बरेच दिवस सगळ्यांना वाटत होतं, पोरगं कॉल सेंटरला लागलं.

आता सगळ्यात जास्त गिऱ्हाईक टाचदुखीचं. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते, हे ठरलेलं वर्णन. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला एक जाड पडदा असतो, त्याच्या टाचेकडच्या टोकाचं हे दुखणं. लोक एक्सरे घेऊन येतात आणि हाड वाढलंय म्हणून घाबरलेले असतात. तसं वाढलेलं हाड न दुखणाऱ्या कितीतरी टाचांतही सापडतं.

येणारा प्रत्येकजण मऊ इनसोल, म्हणजे बुटात पायाखाली घालायचा थर, मागतो. अंगठ्यानं दाबून बघतो, मेमरी फोममध्ये अंगठा रुतला की खूश. आम्ही तेच इनसोल जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहायला लावतो. अख्खं वजन पडलं की कमानीखालचा फुगवटा सपाट होतो, मग आधार कसला? टाचेला खोलगट वाटी आणि कमानीला जरा ताठ आधार हवा. वरचा थर मऊ असला तरी चालतो. बधिर पायाची गोष्ट वेगळी. पुतण्या 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूनं तळवा तपासतो. स्पर्श कळत नसेल तर तयार माल देत नाही, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगतो. टोचतंय हे ज्याला कळतच नाही, त्याच्या पायाला कडक कमान जखम करू शकते.

मापाचं महागडं इनसोल प्रत्येकाला लागतं असंही नाही. साध्या टाचदुखीत तयार आणि मापाच्या इनसोलांत फारसा फरक पडत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मी ते गिऱ्हाइकाला सरळ सांगतो. पुतण्या म्हणतो, काका, तुम्ही दुकान बुडवाल. पण पाय अगदीच सपाट किंवा कमान फार उंच, सांधेवाताने बोटं वाकलेली, एक पाय आखूड, अशांना मापाचंच द्यावं लागतं.

इनसोलच्या आधी बूट बघतो. मधोमध दुमडणारा बूट असेल तर त्यात काहीही घाला, उपयोग नाही. बूट वाकावा तो बोटांपाशी. आतलं कंपनीचं इनसोल निघणारं हवं, नाहीतर एकावर एक घातल्यावर टाच वर येते आणि चालताना बुटातून सटकते.

चवड्याचं दुखणं असेल तर इनसोलवर छोटी गादी लावतो, आणि ती जागा चुकली तर आगीतून फुफाट्यात. दुखऱ्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावायचा, माणसाला इनसोलवर उभं करायचं, ठिपका उमटतो. गादी त्या ठिपक्यावर नाही, त्याच्या जरा मागं, टाचेच्या बाजूला चिकटवायची. मग वजन पुढच्या दुखऱ्या हाडावरून उतरतं. हे काम माझी बायको करते, तिचा हात माझ्यापेक्षा नेमका.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. बूट दारात काढले की माणूस फरशीवर अनवाणी. स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बाईला बुटातल्या इनसोलचा काय उपयोग? म्हणून आम्ही घरात घालायच्या चपला करायला लागलो, टाचेची वाटी आणि कमान तळातच बसवलेल्या. आज त्यांचाच खप जास्त आहे. सुरुवातीला सासवा नाकं मुरडायच्या, आता त्याच स्वतःसाठी मागतात.

नवं इनसोल पहिल्या दिवशी तासभरच घालायचं, मग रोज थोडं वाढवायचं. सोबत पोटरीला ताण देण्याचा व्यायाम हवाच. कुठं टोचलं तर आणून द्या, घासून देतो, त्याचे पैसे नाहीत.

ज्येष्ठ लागला की वारकरी येतात. परवा निघायचंय, इनसोल द्या म्हणतात. नवं इनसोल घालून थेट वारीत चालायचं असेल तर मी देत नाही, पायाला फोड येतील. पुढच्या वर्षी चैत्रात या म्हणतो. काहीजण रागावून शेजारच्या दुकानातून घेतात, घेऊ देत. बरेचजण मात्र चैत्रात खरंच येतात.