तुम्ही विचारलंत म्हणून : चांगला माइक असताना नेकला भोक कशाला?

माझ्या टेनर सॅक्सोफोनच्या नेकवर, म्हणजे माउथपीस जिच्यावर बसतो त्या वरच्या वाकड्या नळीवर, माउथपीसच्या जरा पुढे, आटे पाडलेली पितळेची एक लहानशी नळी डाग देऊन बसवलेली आहे. तिच्यात जुन्या पद्धतीचा पिकअप, म्हणजे वाद्याच्या आतला आवाज टिपणारा छोटा माइक, बसतो आणि तो काढला की वर टोपण फिरवून भोक बंद करता येते. बँडपथकात वाजवणारे असोत किंवा जॅझचे शौकीन, ही नळी पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : बेलसमोर, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडासमोर, चांगला माइक धरला की काम भागते, मग धडधाकट वाद्याला भोक पाडण्याचे कारण काय?

आवाज केवळ मोठा करायचा असेल तर माइकच वापरावा, हे मी विचारणाऱ्याला आधीच सांगून टाकतो. पिकअप ऐकतो तो आवाज श्रोत्यांच्या कानी पडणाऱ्या आवाजाहून मुळातच वेगळा असतो. सॅक्सोफोनच्या नळीत उठणाऱ्या कंपनांपैकी खालच्या वारंवारतेची कंपने उघड्या छिद्रांपाशी बहुतांशी मागे फिरतात आणि आतच घुमत राहतात, तर वरच्या वारंवारतेची कंपने त्या मानाने सहज बाहेर पडतात. त्यामुळे बाहेर ऐकू येणाऱ्या सॅक्सोफोनला जी धार असते ती आतल्या आवाजात जवळजवळ नसते. नुसता पिकअप अँप्लिफायरला जोडून वाजवले तर रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा गोल, जाड आणि काहीसा कोंदलेला स्वर येतो. पुष्कळांची इथेच निराशा होते. मात्र या कोंदलेल्या स्वरात मूळ स्वर ठळक आणि उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबत उमटणारे वरचे स्वर, त्या मानाने दबलेले असतात, आणि सॅक्सोफोनचा आवाज बदलणाऱ्या १९६०च्या दशकातल्या यंत्रांना नेमके तेच हवे होते.

सेल्मर कंपनीने १९६५ मध्ये व्हॅरिटोन बाजारात आणला. नेकमधला पिकअप, वाद्याच्या अंगावरच बसवलेली बटणांची पेटी आणि वेगळा अँप्लिफायर असा तो सगळा संच होता. त्यात ट्रेमोलो, म्हणजे आवाज थरथरवण्याची सोय होती, प्रतिध्वनी होता, स्वर उजळ किंवा गडद करण्याची सोय होती. पण लोकांच्या लक्षात राहिली ती वाजवलेल्या स्वराच्या जोडीला खालच्या सप्तकातला तोच स्वर उमटवण्याची करामत. पाठोपाठ कॉन कंपनीचा मल्टी-व्हायडर हा तसाच संच आला, आणि बॅसून किंवा इंग्लिश हॉर्नसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांचा आभास निर्माण करणारी माएस्ट्रोची पेटीही आली. तो आभास, खरे सांगायचे तर, ओढूनताणूनच होता.

खालचे सप्तक निर्माण करण्याची युक्ती मात्र सुंदर आहे. फ्लिप-फ्लॉप नावाचे साधे मंडल (सर्किट) येणाऱ्या प्रत्येक आवर्तनाला आपली स्थिती एकदा उलटवते. म्हणजे दोन आवर्तने आत आली की एक पूर्ण आवर्तन बाहेर पडते. २२० हर्ट्झचा स्वर दिला की ११० हर्ट्झचा परत मिळतो. गिटारवर कॉर्ड वाजवला की हे मंडल गोंधळते. सॅक्सोफोन एका वेळी एकच स्वर देतो म्हणून तिथे ते निमूटपणे काम करते. त्याची अट एकच : मूळ स्वर स्पष्ट ओळखता आला पाहिजे. टेनरच्या अगदी खालच्या स्वरांत दुसरा उपस्वर अनेकदा मूळ स्वराहून जोरकस असतो, आणि तसे झाले की यंत्र त्या उपस्वरालाच मूळ समजून मध्येच सप्तक बदलते. माइकमधून ड्रम, बेस आणि सभागृहाचा घुमार हेही सोबत येत असल्याने ही चूक कितीतरी अधिक वेळा होते. शिवाय आवाज खरखरीत करणारा फझ किंवा तो उघडझाप झाल्यासारखा करणारा वाह-वाह जोडून आवाज चढवला की उघडा माइक शिट्ट्या मारू लागतो. नळीच्या आत बंदिस्त असलेल्या पिकअपला तो त्रास फारच कमी होतो.

भोक माउथपीसला पाडावे की नेकला, हा पुढचा प्रश्न. रीडच्या, म्हणजे माउथपीसवरच्या कंप पावणाऱ्या पातळ पट्टीच्या, टोकाशी वाद्याच्या सर्वच अनुनादांचा दाब सर्वाधिक असतो, त्यामुळे माउथपीसमधला पिकअप सगळे स्वर त्यातल्या त्यात समान ताकदीने पकडतो. पण रीडची खरखर आणि जिभेचा प्रत्येक आघातही त्याच्या हाती लागतो. नेकवर जसजसे पुढे जावे तसतशी ही खरखर कमी होते आणि वरचे काही स्वर दुबळे पडू लागतात. मी नेकची निवड केली ती खरखर टाळण्यासाठी, शिवाय माउथपीस बदलण्याची मोकळीक राहते म्हणून. गळ्यातून गुरगुरत वाजवण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी मात्र दोन्हींकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. त्या वाजवण्यात एकाच वेळी दोन स्वर मिसळतात आणि मंद्रातला जोडीदार गुळण्या केल्यासारखा तुटत जातो.

म्हणूनच सनी स्टिट आणि एडी हॅरिस या दोन जॅझ सॅक्सोफोनवादकांची तुलना मला महत्त्वाची वाटते. स्टिटने १९६६ मध्ये व्हॅरिटोनवर ध्वनिमुद्रणे केली. त्याच्या वेगवान, बारीक विणीच्या बीबॉप (जॅझची एक शैली) ताना मात्र खालच्या सप्तकाच्या ओझ्याने जड झाल्यासारख्या ऐकू येतात. शिकागोच्या हॅरिसने १९६७ मध्ये ‘लिसन हिअर’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्याने पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठेक्यावर आखूड वाक्ये मांडली, मध्ये जागा सोडली आणि त्या मोकळ्या जागेत यंत्राचा स्वर स्वच्छ उभा राहिला. यंत्र दोघांचे एकाच जातीचे होते; हॅरिसने मात्र त्याला वेगळे वाद्य मानले, असे माझे मत आहे.

एवढे ऐकूनही ज्यांना भोक पाडायचेच आहे त्यांनी सॅक्सोफोनसोबत आलेल्या मूळ नेकला हात लावू नये. त्याच मापाची दुसरी नेक मिळवून तीवर प्रयोग करावा. त्या काळी भोके पाडलेल्या आणि नंतर डाग देऊन बुजवलेल्या सेल्मर मार्क सिक्स या सॅक्सोफोनच्या नेक अजूनही विक्रीला येतात, आणि ग्राहक त्यांची किंमत पाडूनच मागतात. अमेरिकेतून जुना अँप्लिफायर मागवला तर २३० व्होल्टवरून सुमारे ११७ व्होल्टवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेले यंत्र आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापते, म्हणून त्याला फार वेळ सलग चालू ठेवू नये. पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी आतले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जाणकाराकडून तपासून घ्यावेत. पन्नासहून अधिक वर्षांत त्यांतले बरेचसे सुकलेले असतात.