लातूर ते कोल्हापूर, व्हाया लोकांची मतं

लातूरहून कोल्हापूरला जायला एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहेत, पण मला रेल्वेच बरी पडते. नागपूरहून येणारी गाडी पहाटे लातुरात लागते आणि धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला करत मिरजेला नेते. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं तर कंटाळवाणा प्रवास. पण बोलत बसलं की कळतं, या मार्गावरच्या प्रत्येक गावाला काहीतरी चिकटलेलं आहे.

समोरच्या बर्थवर नागपूरच्या मावशी होत्या. धाराशिव मागे पडेपर्यंत त्यांचा चहा झाला, माझाही झाला, आणि मग अपेक्षित प्रश्न आला.

"कुठले जी तुम्ही?"

"लातूर."

"अरे बाप्पा! रेल्वेनं पाणी आणलं होतं, तेच लातूर न?"

तेच. माझ्या वयाच्या लातूरकराने आतापर्यंत तीन-चार ओळखी वापरून झाल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली, आणि पुढची कित्येक वर्षं बाहेरगावी आमची चौकशी 'घर वाचलं का?' अशीच व्हायची. किल्लारी औसा तालुक्यात, आम्ही शहरात. हा फरक सांगायचाही संकोच वाटायचा, कारण समोरच्याच्या डोळ्यांत खरी कळकळ असायची. मग 'लातूर पॅटर्न'चे दिवस आले. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, क्लासेस. आम्ही एकदम हुशार ठरलो. मी बारावीला जेमतेम पास झालेला माणूस, पण परगावी कुणी 'लातूर म्हणजे डोकेबाज' म्हणालं तर मी कधी खोडून काढलं नाही.

आणि मग २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन 'जलदूत' निघाली. पहिल्या गाडीला १० टँकर होते, साधारण ५ लाख लिटर. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातुरात आली तेव्हा स्टेशनवर पाण्याइतकेच कॅमेरे होते. पुढे ५० टँकरच्या गाड्याही आल्या. पाणी लागलंच, उपकार आहेतच, त्यात वाद नाही. पण त्याच वर्षीच्या पावसात मांजरा भरून वाहिलं, दरवाजे उघडावे लागले, ही बातमी मला आजवर एकाही सहप्रवाशाने सांगितलेली नाही. तहानेचा फोटो देशभर जातो. भरलेल्या धरणाचा फोटो फार तर जिल्हा पुरवणीत.

मावशींना हे सांगितलं तर त्यांनी मान डोलावली आणि स्वतःचंच गाऱ्हाणं काढलं. पुण्यात मुलीकडे गेल्या की सोसायटीतल्या बायका विचारतात, संत्री आणली का? "संत्री काटोलले, वरूडले. आमच्या महालात का संत्र्याची झाडं हायेत का?" मग पिशवीतून काढून त्यांनी मला एक संत्रं दिलं. नेलेली होतीच!

बार्शीला एक गृहस्थ चढले. आडत दुकान, पांढरी टोपी, हातात डायरी. गाव विचारायची सोयच नव्हती, बसता बसताच म्हणाले, "बार्शी तिथे सरशी!" मी विचारलं, सरशी नेमकी कशात? ते हसले. "ते विचारायचं नसतं. म्हणायचं फक्त." बाकीच्या गावांना इतरांनी नावं ठेवली, बार्शीकरांनी स्वतःचं नाव स्वतःच ठेवून घेतलं. धोरण उत्तम. त्यांच्या वडिलांनी पाहिलेली बार्शी लाइट रेल्वे मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. १८९७ साली सुरू झालेली, अडीच फूट रुळांची ती गाडी १९११ ला लातूरपर्यंत आणि १९२७ ला मिरजेपर्यंत पोहोचली. चालत्या गाडीतून उतरून, शेतात जाऊन यायचं आणि शेवटचा डबा पकडायचा, ही गोष्ट या पट्ट्यातल्या प्रत्येक आजोबांनी स्वतः केल्याची सांगितली आहे. आज जवळपास त्याच वाटेने ब्रॉडगेजची गाडी धावते आणि कुणालाही खाली उतरू देत नाही.

पंढरपूरला डबा अर्धा रिकामा झाला, पुन्हा भरला. पुढे सांगोला. स्टेशनची पाटी दिसताच डब्यातला एक कॉलेजकुमार ओरडला, "काय झाडी, काय डोंगार!" सगळे हसले. मला खरं तर वाईट वाटलं. या तालुक्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार केलं. शेतकरी कामगार पक्षाचा, साधा राहणारा माणूस. इतक्या वेळा निवडून येऊनही नावाला डाग नाही. जुलै २०२१ मध्ये ते गेले. पुढच्या जूनमध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून इथल्या नव्या आमदारांचा तो 'काय झाडी'वाला एक फोन झाला आणि सांगोल्याची ओळखच बदलली. पन्नास वर्षांच्या कमाईला एक व्हायरल क्लिप भारी पडली. आणि गंमत म्हणजे खिडकीबाहेर ना झाडी होती ना डोंगर. डाळिंबाच्या बागा होत्या, ओळीने, नीट छाटलेल्या.

मिरज म्हणजे अर्ध्या लोकांना दवाखाना. आमच्या मागच्या पिढीत 'मिरजेला नेलंय' म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणायचा. उरलेल्यांना मिरज म्हणजे सतार. तिथल्या कारागिरांच्या गल्लीत मी मागे एकदा तासभर रेंगाळलो होतो: छताला टांगलेले सुके भोपळे, जमिनीवर भुसा, आणि एक म्हातारबुवा तार छेडून कान लावून बसलेले. तो भोपळा पिकतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. भोपळ्याबद्दल पंढरपूरला कुणी ओळखत नाही.

प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्याने गाव विचारलं, मी सांगितलं. "म्हणजे आमच्या कृष्णेचं पाणी प्यालाय तुम्ही." एवढंच. हे बोलायचा हक्क असलेला या मार्गावरचा तो एकमेव माणूस, म्हणून मी निमूट 'हो' म्हणालो. चहा चांगला होता.

कोल्हापुरात आतेभावाच्या व्याह्यांकडे उतरलो. साखरपुडा दुसऱ्या दिवशी, पण मटण आदल्या रात्रीच. ताटात तांबडा, पांढरा, सुकं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत. "झेपतंय न्हवं पाव्हणं?" नारळाच्या दुधातला, खसखस घातलेला पांढरा रस्सा लहान मुलालाही झेपावा इतका सौम्य. तांबडाही चवदार होता, जाळ नव्हता. आमच्याकडच्या काळ्या तिखटाच्या आमटीने याहून जास्त घाम फुटतो. तसं बोललो तर व्याही खूश झाले. "ते नाकातोंडातनं पाणी काढणारं कोल्हापुरी पुण्या-मुंबईच्या हाटेलवाल्यांचं. व्हेज कोल्हापुरी म्हणून भाजी असती, हे मला पुण्यात कळलं!" तरीही लेकाच्या मित्रांसमोर त्यांनी मला 'कच्चं गडी' म्हणून पेश केलंच.

हात धुऊन अंगणात बसलो तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज बारीक केला. पोरगं दहावीत आहे, डॉक्टर करायचंय, लातूरला टाकायचं म्हणतोय. "पण ते नीटचं लफडं झालं तवा लातूरचं नाव आलतं की?" आलं होतं, २०२४ ला. मी म्हटलं, दोघा-तिघांपायी सगळ्या पोरांना नावं ठेवू नका, रात्री अकरापर्यंत दिवे लावून अभ्यास करणारी पोरं आहेत तिथं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, होस्टेल कितीला पडतं, क्लासला ओळख आहे का, आणि मेसमध्ये रविवारी मटण देतात का.

मटणाचं खात्रीने सांगता येईना. मी मेसवाल्याचा नंबर लावून दिला.